क्रोटनही केळीच्याच मुलखातले

प्रति,
मा. संपादक,

विषय : ‘खान्देशात क्रोटन जगत नाही’ या मताविषयी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तीन आठवड्यांपूर्वी शोभेच्या झाडांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात रंगीबेरंगी पानांचे क्रोटन हे ‘फारशी देखभाल न मागणारे, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभणारे’ झाड असल्याचे सांगून त्याला रोज पाणी घालावे आणि पानांवर दिवसातून दोनदा फवारा मारावा, असा सल्ला दिला होता. तो सल्ला मानून झाड घरी आणणाऱ्या जळगावच्या एका वाचकांचे पत्र गेल्या रविवारी आपण छापले आहे. पंधरा दिवसांत झाडाची सगळी पाने गळाली, तेव्हा ही झाडे पुण्या-मुंबईकडच्या लोकांनीच लावावीत, आपल्याकडे क्रोटन जगतच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. मला लेखातील सल्ला पटला नाही आणि पत्रातील निष्कर्षही पटला नाही. भुसावळात गेली १९ वर्षे मी हे झाड कुंड्यांमध्ये वाढवीत आहे. त्यांतली पहिली तीन-चार वर्षे झाडे मारण्यातच गेली, त्यामुळे दोघांशीही वाद घालण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजतो.

क्रोटन मूळचे इंडोनेशियातील मोलुक्का बेटे, मलेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिकमधील बेटे या पट्ट्यातले. १७व्या शतकात अंबोन बेटावर राहून तेथील वनस्पतींची वर्णने लिहून ठेवणाऱ्या रम्फियस या अभ्यासकाने या झाडाची नोंद केली होती. त्याचे शास्त्रीय नाव कोडिएम. क्रोटन हे नाव खरे तर त्याच एरंडाच्या कुळातील दुसऱ्या एका प्रजातीचे आहे, आणि त्या प्रजातीतला आपल्या ओळखीचा सभासद म्हणजे जमालगोटा. दिवाणखान्यातले हे देखणे झाड जमालगोट्याचे नाव मिरवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण तो विषय येथे वाढवीत नाही. सांगायचे आहे ते हे की, ज्या दमट, उबदार बेटांच्या पट्ट्यातून क्रोटन आले, त्याच पट्ट्यातून केळीही आली आहे.

केळी खान्देशात जगू नये, असे केवळ हवामानाचे आकडे पाहून कोणीही सांगू शकेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारच्या हवेत ओलावा नावालाही राहत नाही, आणि पौष-माघात काही रात्री पारा एक आकडी होतो. तरीही रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून देशभर केळी जाते. आपल्या शेतकऱ्याला हवामान बदलता आले नाही. त्याने बागेपुरती हवा मात्र बदलली. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावली, ते जमले नाही तर हिरवी नेट बांधली, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन केले, ठिबकने मुळांशी बेताचा ओलावा राखला, आणि लागवडीची वेळ पाळली. मृगात लावायची ती मृगबाग आणि पावसाळा सरताना, कांद्याच्या वेळी लावायची ती कांदेबाग, हे शब्दच वेळेवरून पडलेले आहेत. भर वैशाखात उघड्या रानात केळीचे कोवळे रोप लावून ‘केळी आमच्याकडे जगत नाही’ असे कोणी म्हटले, तर गावातले लोक त्याला हसतील. क्रोटनच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

पत्रलेखकांनी झाड मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणले, असे त्यांच्याच मजकुरावरून दिसते. ते झाड आधी कोठे होते, याचा विचार करावा. रोपवाटिकेत ते हिरव्या जाळीखाली, शेकडो झाडांच्या दाटीत, सतत ओल्या जमिनीवर उभे असते. तेथून ते उघड्या टेम्पोतून, गरम वाऱ्याचा मारा सोसत तासन्‌तास प्रवास करते आणि एका दिवसात अर्धवट अंधाऱ्या खोलीत, पंख्याखाली किंवा थेट कूलरच्या झोतात येऊन पडते. प्रकाश, उष्णता, ओलावा असे सारेच एकदम बदलले की क्रोटन पाने टाकते. हा त्याचा स्वभाव आहे, मरण नव्हे. मुळांना जेवढे पाणी ओढता येते त्याहून अधिक पानांवाटे उडू लागले, की पाने टाकून खर्च कमी करणे एवढाच मार्ग झाडाजवळ असतो. अशा वेळी घाबरून आपण त्याला रोज तांब्याभर पाणी घालतो. पानेच उरली नसल्याने ते पाणी वापरले जात नाही, माती चिखल होऊन राहते, मुळे कुजतात आणि न मेलेले झाड मग खरोखर मरते.

माझ्या अंगणात आज कमरेएवढे उभे असलेले क्रोटन असेच कचऱ्यातून आलेले आहे. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने आखाजीच्या मुहूर्तावर नव्या घरात प्रवेश केला, तेव्हा कोणीतरी भेट म्हणून हे झाड दिले होते. दहा-बारा दिवसांत त्याचा नुसता सांगाडा उरला आणि कुंडी ठेवून घेऊन झाड कचऱ्याच्या ढिगावर गेले. मी ते उचलून आणले. नखाने खोडाची साल किंचित खरवडून पाहिली, तर टोकाकडे खोड तपकिरी आणि कोरडे होते, पण खालच्या वीतभर भागात सालीखाली हिरवा ओलावा होता. तो हिरवा भाग राखून वरचे खोड छाटले, मुळांशी लागलेला चिखल झाडला, ताज्या हलक्या मातीत ते लावले आणि कडुनिंबाच्या दाट सावलीत, भिंतीच्या आडोशाला ठेवून दिले. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही बोटाची दोन पेरे मातीत खुपसून कोरडे लागले तरच. महिनाभर काहीही घडले नाही. घरात माझी पुरेशी थट्टा झाली. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर मात्र तीन ठिकाणी डोळे फुगले आणि श्रावणापर्यंत त्यावर हाताच्या पंजाएवढी पाने आली. पत्रलेखकांनी आपले झाड अजून टाकले नसेल, तर कृपया आधी नख लावून पाहावे.

आता थोडे मातीविषयी. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी असली, तरी कुंडीत ती दगा देते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. भिजली की फुगते, चिकट होते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. बशीत पाणी उतरलेले पाहून आपण समाधानाने घरात जातो आणि झाड तहानलेलेच राहते. मी पोयटा, पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समान घेतो, त्यात मूठभर निंबोळी पेंड टाकतो, आणि तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवतो. उन्हाळ्यात वरून भुईमुगाच्या टरफलांचा दोन बोटे थर देतो. केळीच्या वाळलेल्या पानांचे तुकडेही चालतात आणि ते आपल्याकडे मागितले तर फुकट मिळतात.

पाण्याविषयी मात्र मला अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझी स्वतःची चार झाडे पाण्यानेच मेली, आणि ती कमी पाण्याने नव्हे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. भांड्यांवर पांढरा थर बसतो ते सर्वांच्याच परिचयाचे आहे. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसविल्यावर त्यातून वाया जाणारे पाणी फेकवेना, म्हणून काटकसरीच्या अभिमानाने ते मी वर्षभर कुंड्यांना घातले. यंत्राने आपल्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या सांडपाण्यातच एकवटलेले असतात, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आधी पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, मातीवर पांढरी पापडी आली आणि एकेक झाड गेले. कूलरच्या टाकीतले जुने पाणीही त्याच जातीचे असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि आपण हंगामभर त्यातच नवे पाणी ओतत राहतो. याउलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षाररहित असते. गच्चीवरून आलेले पावसाचे पाणी दोन पिंपे भरून झाकून ठेवता आले, तर त्याहून उत्तम काही नाही. जड पाण्यावाचून पर्यायच नसेल, तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा कुंडीत इतके पाणी सावकाश ओतावे की ते तळातून भरपूर वाहून जाईल आणि साचलेले क्षार बरोबर नेईल.

लेखातल्या दोन वेळच्या फवाऱ्यालाही म्हणूनच माझी हरकत आहे. जड पाण्याचा फवारा वाळला की पानांवर पांढरे ठिपके उरतात आणि ज्या रंगासाठी झाड आणले तोच झाकला जातो. शिवाय आपल्या मे महिन्यातल्या दुपारी तो ओलावा काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात, मध्ये पाण्याने भरलेली पसरट परात ठेवावी, पश्चिमेकडून ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. केळीच्या बागेला शेवरी, तसे कुंडीला गोणपाट. कूलर असलेल्या खोलीतला दमटपणा क्रोटनला मानवतो. त्याचा थेट झोत मात्र पाने फाटेपर्यंत हलवतो, तेव्हा झाड झोताच्या बाजूला, जरा लांब असावे. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीचे पाणी. दुपारी ते हाताला चटका देते. तेच नळाने कुंडीत सोडले तर मुळे अक्षरशः शिजतात. रात्री बादलीत भरून ठेवलेले पाणी सूर्योदयापूर्वी घालावे. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी थेट न ठेवता दोन विटांवर किंवा फळीवर ठेवली, तरी खूप फरक पडतो.

‘दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभणारे’ हे वर्णन तर या झाडावर अन्यायच करणारे आहे. क्रोटनची कोवळी पाने बहुधा हिरवी-पिवळी असतात आणि पक्व होताना त्यांत नारिंगी, तांबडा, जांभळा रंग चढतो. हा रंग चढण्यासाठी भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात नवे पान हिरवेच येते आणि हिरवेच राहते, कारण मिळेल तेवढ्या उजेडात पोट भरण्यासाठी झाडाला हरितद्रव्य अधिक हवे असते. मग ‘दुकानदाराने फसवले, रंग खोटा होता’ अशी तक्रार होते. कुंडीच्या जागी हात धरून पाहावा. भिंतीवर बोटांची सावली स्पष्ट पडत असेल तर उजेड पुरेसा आहे. आमच्याकडे पूर्वेच्या ओट्यावर नऊ वाजेपर्यंतचे ऊन वर्षभर चालते, थंडीत तर सकाळी सरकवलेली कुंडी तिसऱ्या प्रहरापर्यंत उन्हात राहिली तरी बिघडत नाही. फाल्गुनापासून पावसापर्यंत पश्चिमेचे ऊन मात्र एक दिवसही नको; त्याने पानावर भाजल्यासारखे पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. सावलीतले झाड उजेडात आणायचे तर दोन आठवडे घेऊन, हात-हातभर सरकवत आणावे. ज्यांच्या घरी उजेडच बेताचा आहे, त्यांनी गडद तांबड्या पानांच्या जातीचा हट्ट सोडून पिवळ्या ठिपक्यांची ‘गोल्ड डस्ट’ घ्यावी. तिचे ठिपके कमी उजेडातही बऱ्यापैकी टिकतात. रंगीत झाडावर एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली, तर ती मुळापासून काढावी, नाहीतर तीच जोर धरून बाकीच्यांना मागे टाकते.

उन्हाळ्यात पाने निस्तेज, धुळकट दिसू लागली की बहुतेक जण पुन्हा पाणी वाढवतात. त्याआधी पान उलटे करून पाहावे. पांढऱ्या कागदावर पान झटकले आणि त्यावर पडलेले बारीक लाल-पिवळे ठिपके चालू लागले, तर तो लाल कोळी आहे. वांग्या-भेंडीवरचा कोळी आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. कोरड्या उष्ण हवेत त्याची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून तो आपल्याकडे इतका माजतो. तो कीटक नसून आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे कपाटात उरलेले कपाशीवरचे कीटकनाशक मारून उपयोग होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. झाड आडवे धरून पानांची खालची बाजू पाण्याच्या बारीक पण जोरदार धारेने दर तीन-चार दिवसांनी धुवावी आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण घोळून फवारावे. दोन-तीन आठवडे नेटाने केले तर कोळी आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, पिठूळ किडीसाठी साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पुरेसा होतो.

हिवाळ्याचे थोडक्यात सांगतो. रात्रीचा पारा दहाच्या खाली जाऊ लागला की कुंडी आत घ्यावी, पाणी निम्म्यावर आणावे आणि खत पूर्ण बंद ठेवावे. धुळ्याकडील वाचकांनी याबाबत आमच्यापेक्षा अधिक जपावे, कारण तिकडची थंडी अधिक बोचरी असते. खत द्यायचे ते पावसाळ्यात आणि शरदात. भुईमुगाची पेंड तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाण्यात मिसळून पंधरवड्याला एकदा दिली तरी पुरते.

आणखी एक सावधगिरी, जी लेखात असायलाच हवी होती. या झाडाचा चीक त्वचेला लागला तर काहींना खाज व पुरळ येते, कपड्यावर पडलेला डाग सहसा जात नाही, आणि पान चघळणे विषारी आहे. रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर हवी. छाटणी करताना हातमोजे घालावेत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीकडे माझी एवढीच मागणी आहे की, अशा लेखांत तो सल्ला कोणत्या हवेसाठी आहे ते एका ओळीत लिहावे, आणि खान्देश आवृत्तीत शक्य असल्यास महिन्यांच्या हिशेबाने वेगळी माहिती द्यावी. ‘रोज पाणी’ हे वाक्य कोकणातल्या जांभ्यात, पुण्यातल्या गॅलरीत आणि वरणगावच्या पत्र्याखाली एकाच अर्थाने वाचता येत नाही. क्रोटन विकत घेण्याची, कुंडी बदलण्याची आणि नवी रोपे करण्याची आपल्याकडची वेळ एकच आहे, ती म्हणजे मृग लागल्यापासून श्रावण संपेपर्यंतची. बी पेरून मूळ झाडाचे रंग जसेच्या तसे येत नाहीत, म्हणून फाटे कलम किंवा गुटी कलमच करावे लागते. गुटी बांधताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची बोटभर रुंद साल गोलाकार काढायची, चीक पुसून घ्यायचा, त्याभोवती ओले शेवाळ लपेटून वरून प्लास्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट बांधायचा. चार ते सहा आठवड्यांत कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात.

कचऱ्यातून आणलेल्या त्या झाडाच्या सहा फांद्यांना मी यंदा दोन-तीन चांगले पाऊस झाले की गुट्या बांधणार आहे. पोळ्याच्या सुमारास त्या उतरवता येतील. जळगावच्या पत्रलेखकांची इच्छा असेल, तर त्यांतली एक त्यांच्यासाठी राखून ठेवतो. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा आणि येताना उघडा टेम्पो आणू नये.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, भुसावळ